कशाच्या जोडीला?

मास्तरला चहा कसा झालाय असं विचारून कधी सरळ उत्तर मिळालं नाही. एक घोट घेऊन तो आपल्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "कशाच्या जोडीला?" म्हणजे कालच्या चहाच्या, खालच्या हॉटेलातल्या की त्याच्या घरच्या? ते सांगितल्याशिवाय तो चहाला बरं किंवा वाईट म्हणणार नाही. पहिल्या आठवड्यात मला याची गंमत वाटली. दुसऱ्या आठवड्यात डोकं उठलं. पुढे मी त्याला चहाचं विचारणंच सोडलं, पण तोवर दुकानात सगळे एकमेकांना "कशाच्या जोडीला?" म्हणायला लागले होते, आणि त्याने माझं डोकं आणखीच उठायचं.

एक कबुली आधीच देऊन टाकते. तोंडावर मी त्याला मास्तर म्हणायचे, अहो-जाहो करायचे. पन्नाशीचा माणूस, दुसरं काय करणार? मनात मात्र कायम अरे-तुरे. आता लिहायला बसले तरी हात मनातल्यासारखाच चालतोय. चालू दे.

काकींचं दुकान महाडच्या बाजारपेठेत, पुराच्या धास्तीने पहिल्या मजल्यावर. भरतकामाचं एका सुईचं एक जुनं कॉम्प्युटर मशीन आणि आम्ही तिघी: मालकीण काकी, सुटे धागे कापणाऱ्या मावशी आणि मी. शाळांचे बिल्ले, कबड्डीच्या टी-शर्टांवरची नावं, मार्चमध्ये चवदार तळ्यावर लोक यायचे त्याआधी निळ्या टोप्या आणि पट्ट्या, असं वर्षभराचं काम. नक्षी कॉम्प्युटरवर आखायची, तिची फाइल करायची आणि पेनड्राइव्हने मशीनला द्यायची, हे माझ्याकडे होतं. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली दुकानात मी एकटी होते आणि ते मी कुणाला विसरू देत नव्हते.

मग नक्षी आखायचं सॉफ्टवेअर बंद पडलं. ते चालवायला पेनड्राइव्हएवढी एक किल्ली कॉम्प्युटरला खुपसून ठेवावी लागायची, ती किल्लीच मेली. सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी तर त्याच्याही आधी गुंडाळली गेलेली. बाजारातल्या नवीन सॉफ्टवेअरच्या फाइली आमचं म्हातारं मशीन घेईना. मुंबईहून मेकॅनिक आला. वीर स्टेशनला उतरून रिक्षाने दुकानात पोचेपर्यंतच तो इतका वैतागला होता की मशीनकडे धड बघितलंही नाही. भंगारात घाला म्हणाला आणि परतीच्या गाडीची वेळ विचारली. नवीन मशीन घेणं काकींच्या आवाक्यातलं नव्हतं. दोन महिने आम्ही जुन्याच साठवलेल्या नक्ष्या भरत बसलो. कुणी नवीन नाव मागितलं की त्याला हात जोडून परत पाठवायचं काम माझ्याकडे आलं.

नेमका त्याच सुमारास काकींनी मशीन चालवायला माणूस ठेवला, तो हा. पोलादपूरच्या वर डोंगरात त्याची वाडी, सगळी म्हशी राखणारी घरं. वीस वर्षं मुंबईला भरतकामाच्या कारखान्यात मशीन चालवून तो म्हशींपाशी परत आला होता. पहाटे धार काढायची, तासभर डोंगर उतरायचा, एसटीने महाड गाठायचं. अंगाला म्हशीचा वास आणि खांद्याला पुतण्याने टाकून दिलेला लॅपटॉप. शिक्षण बारावी.

पहिल्याच दिवशी माझं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. डाव्या पायात एक चप्पल, उजव्या पायात वेगळ्याच कंपनीची. अंधारात घाईने घातल्या असतील म्हणून मी गप्प बसले, तर दुसऱ्या दिवशीही तेच. मावशींनी विचारल्यावर कळलं की दोन जोड नवीन घेतलेत आणि कोणती चप्पल आधी झिजते ते तो बघतोय. अख्खा पावसाळा डोंगर चढउतार करत तो तसा चालला. दिवाळीच्या सुमारास एक दिवस दोन्ही चपला उलट्या करून काकींच्या टेबलावर ठेवल्या, उजवी चांगली असं जाहीर केलं आणि पुन्हा कामाला लागला. काकींनी टेबल पुसून घेतलं.

पण हे पुढचं. आल्याच्या आठवड्यात त्याने माझ्याकडे सगळ्या जुन्या फाइली मागितल्या. मी दिल्या, माझं काय जात होतं? नक्षीची फाइल माणसाला वाचता येत नाही. आत अक्षरं नसतात, चित्रही नसतं. शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतचे आकडे एकापुढे एक, हजारांनी. कोणता आकडा कशाचा, हे त्या बुडालेल्या कंपनीलाच ठाऊक. मास्तरकडे त्याने स्वतः लिहिलेली एक स्क्रिप्ट होती, म्हणजे छोटा प्रोग्राम, पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेतला, चाळीसेक ओळींचा. पायथन तो मुंबईत मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकला होता. मीही शिकले होते, परीक्षेपुरतं. त्याची स्क्रिप्ट एकच काम करायची. दोन फाइली शेजारी शेजारी ठेवून पहिल्या आकड्यापासून शेवटपर्यंत चालत जायची आणि जिथे फरक दिसेल तिथे एक ओळ छापायची: कितवी जागा, हिच्यात काय, तिच्यात काय. बस.

एकटी फाइल तो कधी उघडायचाच नाही. मी एकदा जरा खवचटपणेच विचारलं की एकाच फाइलकडे नीट बघितलं तर काय बिघडतं. तो म्हणाला, "एकटी फाइल मुकी असते, ताई. तिच्या जोडीला तिची भैन बसवा, मग बोलतेय." वाडीवर सगळ्यांच्या म्हशी काळ्याच, आपली ओळखायची तर म्हैस बघायची नसते, फरक बघायचा असतो, हेही त्याने सांगितलं. मावशींना ते फार आवडलं. मी खाली जाऊन उगाचच सुईचं पाकीट आणलं.

सुरुवातीचे चार दिवस त्याचं काहीच चाललं नाही. फाइलमधला एखादा आकडा बदलून दिला की मशीन ती फाइल घ्यायचंच नाही, लाल दिवा लावून उभं राहायचं. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? पाचव्या दिवशी त्याला माझ्या फाइलींत दोन बहिणी सापडल्या. एका शाळेच्या बिल्ल्यावरच्या समईची ज्योत वाकडी दिसत होती म्हणून मी कधीकाळी अगदी शेवटचा टाका सरकवून तीच नक्षी दुसऱ्या नावाने साठवली होती. दोन्ही फाइलींत फरक फक्त दोन जागी. एक त्या टाक्याचा आकडा, तीनने वाढलेला. दुसरा फाइलचा अगदी शेवटचा आकडा, तोही तीनने वाढलेला. मास्तरने मांडीवर थाप मारली. शेवटचा आकडा म्हणजे आधीच्या सगळ्यांची बेरीज, दोनशे पंचावन्नच्या पुढे गेली की पुन्हा शून्यापासून. मशीन आधी ती बेरीज जुळवून बघतं, जुळली नाही तर फाइल परत. म्हणजे आत जितकं वाढवाल तितकं शेवटी वाढवायचं. एवढंच ते गुपित, आणि ते माझ्याच दोन फाइलींत सहा वर्षं पडून होतं.

त्यानंतर तो कुणाला आवरेना. एक आकडा बदलायचा, शेवटचा जुळवायचा, चिंधीवर टाके घालायचे, मग ती चिंधी आधीच्या चिंधीच्या बाजूला ठेवून फूटपट्टीने मोजायचं. एका वेळी एकच आकडा. दोन बदलू या, वेळ वाचेल, असं काकी म्हणाल्या तर त्यांच्यावरसुद्धा डाफरला. प्रत्येक चिंधीला टाचणीने कागद लावून तो ती दोरीवर अडकवायचा. गिऱ्हाइकांना त्या चिंध्यांच्या तोरणाखालून वाकून यावं लागायचं. कुणी लाल धागा चांगला दिसेल का विचारलं तर हा आतूनच ओरडायचा, कशाच्या जोडीला? एक नवरामुलगा रुमालावर नाव घालायला आला होता, तो तसाच जिना उतरून गेला.

दोन आठवड्यांनी मास्तरने काकींना बोलावलं. प्रत्येक टाक्याचे दोन आकडे, एक आडवा, एक उभा. उजवीकडे एक पाऊल म्हणजे एक, दोन पावलं म्हणजे दोन. इथपर्यंत ठीक. डावीकडे एक पाऊल म्हणजे दोनशे पंचावन्न. डावीकडे दोन म्हणजे दोनशे चोपन्न. मशीन मागे जायचं असलं की वरच्या टोकाकडून उलटं मोजत येतं, असं त्याने दोन चिंध्या समोरासमोर धरून काकींना दाखवलं. काकींनी चक्क टाळ्या वाजवल्या.

हे मी परीक्षेत लिहिलं होतं. कॉम्प्युटर उणे आकडे कसे साठवतो, सोदाहरण स्पष्ट करा, आठ मार्क. मला आठपैकी आठ होते. आकृती काढून चौकटी करून लिहिलं होतं. आणि सहा वर्षं रोज ज्या मशीनपुढे बसले त्याच्या पोटात तेच चाललं असेल हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. ज्याने हे वाचलं नव्हतं, त्याने ते चिंध्यांवरून काढलं. त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

महिन्याभरात मशीन नवीन नावं भरायला लागलं आणि दुकानात त्याचं राज्य आलं. मास्तर हे नाव त्याला कुणी दिलं देव जाणे, पण मी तिथे सहा वर्षं होते, मला कुणी ताईच्या पुढे नेलं नव्हतं. गिऱ्हाईक जिन्यातूनच विचारायचं, मास्तर आहेत का? नाहीत म्हटलं की मी समोर उभी असूनही लोक परत जायचे. खिडकीतलं माझं टेबल उजेड चांगला म्हणून त्याला गेलं. माझा नवराही, जो एमआयडीसीत काम करतो आणि सहसा कुणाला चांगलं म्हणत नाही, एकदा जेवताना म्हणाला की तुमचे ते मास्तर म्हणजे डोकं आहे हां. मी त्याला आमटी वाढली नाही.

या सगळ्याच्या तळाशी होतं पोलादपूरचं दुकान. काकींना पोलादपुरात दुसरं दुकान काढायचं होतं. मी पोलादपूरची. रोज सकाळी महाडला यायचं, संध्याकाळी परत. कशेडी घाटात एखादा ट्रक आडवा झाला की वाहनांची रांग पोलादपूरच्या पार अलीकडे येते, मग घरी पोचायला आठ-नऊ. मुलगी आजीच्या मांडीवर झोपलेली असायची आणि सासूबाई काही बोलायच्या नाहीत, तेच जास्त लागायचं. घरापासून पाच मिनिटांवर माझ्या हाताखालचं दुकान, एवढीच माझी मागणी होती आणि ती मी काकींच्या कानावर दोन वर्षं घालत होते. आता काकी आणि मास्तर खिडकीपाशी डोक्याला डोकं लावून बोलत बसायचे. जागा बाजाराकडे बरी की स्टँडकडे, वीज किती जाते, असं सगळं मला तुकड्यातुकड्यांत ऐकू यायचं. मला कुणी विचारत नव्हतं. दुकान कुणाला जाणार हे मला कळून चुकलं होतं.

त्यात त्याच्या वाडीच्या कबड्डी संघाच्या टी-शर्टांचं काम आलं. वाडीची निम्मी पोरं मुंबईला कामाला, पोलादपुरात सामने ठरले होते म्हणून सगळी सुट्टी काढून येणार होती. छातीवर म्हैस हवी होती. वाघ, घोडा, गरुड सगळ्यांचे असतात, म्हैस कुणाची नसते, म्हणून. मास्तरने ती म्हैस आठ दिवस खपून बसवली. शेपटीपासून सुरू होऊन पाठ, पोट, मान, शेवटी डोकं आणि शिंगं. चिंध्यांमागून चिंध्या. मान वळवलेली, डोळ्यात थोडा राग. खरं सांगते, इतकी चांगली नक्षी मला आखता आली नसती.

तो दुपारचा डबा घेऊन तळ्याकडच्या झाडाखाली जेवायला जायचा आणि लॅपटॉप उघडाच टाकून जायचा. पासवर्ड का लावत नाही विचारलं तर म्हणे म्हशींना वाचता येत नाय. तो गेला की मी त्याच्या खुर्चीत बसायचे. काकी वर घरी जेवायला गेलेल्या, मावशी डोळा लागून पडलेल्या. सुरुवातीला फक्त बघत होते. मग त्याच्या स्क्रिप्टा वाचल्या. मग माझ्या जुन्या फाइलींवर चालवून बघितल्या. तीन दुपारी खर्च करून मी म्हशीच्या फाइलमध्ये मान संपून डोकं सुरू होतं ती जागा शोधली. हे सगळं मी शिकण्यासाठी केलं नव्हतं, आणि कशासाठी करतेय हेही स्वतःला नीट विचारलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी मास्तरने पेनड्राइव्हवरची फाइल लॅपटॉपवरच्या फाइलशी ताडून बघितली, तसा तो रोज सकाळी बघायचाच. चिंधीवर नमुना काढला. काकींनी बघून मान डोलावली. दुपारी वाडीची दोन पोरं टी-शर्टांचा गठ्ठा घेऊन येणार होती. मास्तर मशीन बंद करून जेवायला गेला. पेनड्राइव्ह लॅपटॉपशेजारीच होता; तो लावून मी त्याच्यावरची फाइल उघडली.

फाइलमध्ये प्रत्येक टाका आधीच्या टाक्यापासून मोजलेला असतो. त्यामुळे एक टाका सरकला की त्याच्या पुढचं सगळं सरकतं. मानेच्या शेवटच्या टाक्याचा आडवा आकडा चार होता, तो मी शंभर केला. शहाण्णव वाढले. मग फाइलच्या शेवटी गेले. तिथे एक्काहत्तर होते, त्याचे एकशे सदुसष्ट केले. बेरीज चुकली नाही.

जेवून आल्यावर त्याने पुन्हा ताडून बघितलं नाही. पोरं बाकावर बसली होती, काकी टी-शर्ट मोजून घेत होत्या. पहिला टी-शर्ट मशीनला लागला. शेपटी, पाठ, पोट, मान सगळं झकास, आणि मग सुई बोटभर पुढे उडी मारून गेली आणि मोकळ्या कापडावर डोकं भरायला लागली. म्हैस मान इथे ठेवून तोंड घेऊन पुढे निघाली होती. एक पोरगा हसला, दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. काकींचा आवाज चढला. सकाळी बरोबर होतं ते आत्ता असं कसं झालं, पोरांसमोर ही काय शोभा, असं त्या बोलत राहिल्या. हेच मला हवं होतं, अगदी असंच. आणि मी धाग्याच्या रॅकपाशी जाऊन सरळच असलेली रिळं पुन्हा सरळ करायला लागले.

मास्तरने मशीन थांबवलं. पेनड्राइव्ह काढून लॅपटॉपला लावला, दोन फाइली शेजारी ठेवल्या आणि स्क्रिप्ट चालवली. पडद्यावर दोन ओळी आल्या. मी जिथे होते तिथून मला त्या दिसत होत्या. चार, शंभर. एक्काहत्तर, एकशे सदुसष्ट. त्याने दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. मागे वळला नाही. मग काकींना म्हणाला की पेनड्राइव्हमध्ये गडबड झालीय, दुपारी तपासायला हवी होती, चूक माझी. फाइल पुन्हा उतरवून घेतली आणि संध्याकाळपर्यंत बाकीचे सगळे टी-शर्ट पुरे केले. बिघडलेला टी-शर्ट पोरांनी मागितला नाही. तो त्याने स्वतःसाठी ठेवला आणि बदली नवीन टी-शर्ट खालच्या दुकानातून आणून भरून दिला.

तिसऱ्या दिवशी काकींनी मला बोलावलं. मला वाटलं कळलं. काकी म्हणाल्या, "पोलादपूरचं दुकान तू सांभाळ. मास्तर म्हणाले, फाइलमधलं काम येणारं तुझ्याशिवाय माणूस नाही."

मी हो म्हणाले. काकींना वाटलं आनंदाने रडतेय.

रविवारी पोलादपुरात सामने होते. मी मुलीला घेऊन गेले, म्हणजे मुलीचं निमित्त करून गेले. मास्तर मैदानाच्या कडेला उकिडवा बसला होता, अंगात तोच टी-शर्ट, मान सोडून डोकं पुढे गेलेली म्हैस छातीवर. बाजूला त्याची बायको, भरपूर हसणारी बाई. मी कोण ते कळल्यावर तिने मला बसवून घेतलं आणि नवऱ्याचं गाऱ्हाणं सुरू केलं. बघायला आला होता तेव्हा म्हणे तिच्या धाकट्या बहिणीलाही शेजारी बसायला लावलं होतं, एकटीकडे बघून काय कळणार म्हणून. मी विचारलं, मग? तर म्हणाली, "मग काय, गावला असंल फरक." आणि माझ्या मुलीला घेऊन ती भेळेच्या गाडीकडे गेली.

आम्ही दोघंच उरलो. मी म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं."

"दोन ओळी आल्या ना." तो मैदानाकडेच बघत होता. "एकच आली असती तर पेनड्राइव खराब झाला असा मी पण बोललो असतो. पन शेवटचा आकडा बी बरोबर बदललेला. शहाण्णव हितं, शहाण्णव तितं. म्हाडात ह्या कोणाला ठावं हाय? मला, नायतर तुमाला."

"मग काकींना का नाही सांगितलंत?"

"काकींनी इचारला, पोलादपूरला कोणाला बसवू. ज्याला काम येतंय त्याचा नाव मी सांगितला."

"आणि तुम्हाला नको होतं दुकान?"

आता त्याने माझ्याकडे बघितलं. खरोखरच नवल वाटल्यासारखं. "मला? मग सांजच्या धारेला कोन बसंल? मी काकींना गणपतीच्या आधीच नाय म्हटलेला."

गणपतीच्या आधी. म्हणजे मी त्याच्या स्क्रिप्टा चोरून वाचायला लागले त्याच्याही आधी. जो माणूस शर्यतीत नव्हताच त्याच्या पायात मी काठी घातली होती. मला काहीतरी बोलायला हवं होतं. माफी मागायला हवी होती, साधी, दोन शब्दांची. त्याऐवजी मी विचारलं, "राग नाही आला तुम्हाला?"

"आला ना," तो म्हणाला. "माज्या वाडीची म्हैस होती ती, ताई."

तेवढ्यात त्यांच्या संघाने एक पकड केली आणि तो उठून उभा राहिला. माफी राहिली ती राहिलीच.

पोलादपूरचं दुकान सुरू झालं. मुंबईत त्याच्या ओळखीचा एक कारखाना मोडत होता, तिथून आमच्यासारखंच जुनं मशीन त्यानेच शोधून दिलं. त्याच्या सगळ्या स्क्रिप्टा पेनड्राइव्हवर घालून माझ्या हातात ठेवल्या, एकही मागे न ठेवता. मी त्या रोज वापरते. मुलगी शाळेतून थेट दुकानात येते, मशीनशेजारी बसून अभ्यास करते. सासूबाई आता बोलतात. मी मागितलं होतं ते सगळं मला मिळालं आणि ते त्याने दिलं, हे मला कुणाला सांगता येत नाही, आणि त्याच्याइतकं मोठं मन आपल्याकडे नाही याचा जळफळाट आहे तो आहेच. लोक म्हणतात चांगल्या माणसांचा हेवा वाटत नाही. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

कधी एखादी फाइल अडली की मी महाडला जायचे. तो नीट समजावून सांगायचा, चहा मागवायचा, मुलीची चौकशी करायचा. जेवायची वेळ झाली की लॅपटॉप बंद करून पिशवीत घालायचा, पिशवी खांद्याला लावायचा आणि डब्याबरोबर घेऊन जायचा. पहिल्यांदा मला वाटलं, सवय बदलली असेल. बदलतात माणसं.

मग एकदा मी न कळवता गेले. भर दुपार होती. जिना चढून वर आले तर दुकानात फक्त मावशी, आणि खिडकीतल्या टेबलावर त्याचा लॅपटॉप, उघडा, पडद्यावर कुठली तरी फाइल तशीच अर्धी. पेनड्राइव्ह बाजूला. तो जेवायला गेला होता. मी बाकावर बसले. थोड्या वेळात जिन्यावर पावलं वाजली. पाण्याची बाटली विसरली म्हणून तो परत आला होता. मला बघून म्हणाला, "ताई, कधी आलाव?" मी सांगितलं. बसा म्हणाला, आलोच म्हणाला. बाटली घेतली. मग टेबलाकडे गेला, लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला, पेनड्राइव्ह खिशात टाकला, आणि जरासं हसून जिना उतरून गेला.

मावशी खाली मान घालून धागे कापत होत्या. त्यांना पायथन येत नाही, त्यांनी डिप्लोमा केलेला नाही, त्यांना शेवटच्या आकड्याची बेरीज ठाऊक नाही. तो रोज तो लॅपटॉप त्यांच्यासमोर उघडा टाकून जातो. मास्तरचा मी इतकी वर्षं हेवा केला, पण त्या दुपारी मावशींचा जेवढा वाटला तेवढा त्याचाही कधी वाटला नव्हता.